अँटिबॉडी जास्त म्हणजे आजार जास्त? लस न घेतलेल्या रुग्णांच्या रक्तात नेमकं काय दिसतं

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन सख्खे भाऊ, दोघांनीही कोविडची लस घेतलेली नव्हती आणि दोघांना एकाच सुमारास संसर्ग झाला. धाकट्याचं घरच्या घरी चार-पाच दिवसांत निभावलं, थोरल्याला मात्र ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. बरे झाल्यावर दोघांनी अँटिबॉडी तपासून घेतल्या, तर थोरल्याचा आकडा धाकट्याच्या कितीतरी पट निघाला. मग या अँटिबॉडींनीच थोरल्याचं नुकसान केलं का? आणि धाकट्याच्या कमी आहेत म्हणजे त्याला पुन्हा होण्याचा धोका जास्त आहे का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतांश "नाही" असं आहे, पण त्याला दोन-तीन खरेखुरे अपवाद आहेत आणि ते झाकून ठेवण्यासारखे नाहीत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "तुम्हाला वाटतो तितका नाही". विषाणूंच्या निदानाचं काम करताना हे दोन प्रश्न मला रुग्णांच्या नातेवाइकांइतकेच नव्याने कामाला लागलेल्या डॉक्टरांकडूनही ऐकू येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचं निरीक्षण बरोबर आहे, हे आधी सांगते. २०२० साली जवळजवळ वर्षभर लस नव्हतीच, त्यामुळे त्या वर्षीचा जगातला जवळजवळ प्रत्येक कोविड रुग्ण लस न घेतलेला होता आणि बहुतेकांच्या शरीराची या विषाणूशी ती पहिलीच गाठ होती. चीनमधल्या छोंगछिंग इथल्या डॉक्टरांनी २८५ रुग्णांचं रक्त तपासलं तेव्हा लक्षणं सुरू झाल्यापासून १९ दिवसांच्या आत सगळ्यांच्या रक्तात आयजीजी, म्हणजे रक्तातल्या मुख्य प्रकारच्या, अँटिबॉडी आल्या होत्या. त्याच गटाने अजिबात लक्षणं नसलेल्या ३७ जणांचाही मागोवा घेतला. त्यांच्यातली आयजीजीची पातळी लक्षणं असलेल्यांपेक्षा कमी होती, आणि बरं झाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच त्यांतल्या ४० टक्के लोकांची चाचणी पुन्हा निगेटिव्ह झाली. लक्षणं असलेल्या गटात हे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास होतं. पुढे अनेक देशांत हेच चित्र दिसलं: लक्षणरहित लोकांत सर्वांत कमी, घरी बरे झालेल्यांत मध्यम, रुग्णालयात दाखल झालेल्यांत सर्वांत जास्त. तेव्हा थोरल्या भावाचा आकडा मोठा असण्यात वावगं काहीच नाही.

वावगं आहे ते त्यावरून निघणारं अनुमान. अँटिबॉडी बनतात त्या बी पेशींपासून, आणि बी पेशींना किती चेतवलं जाईल हे विषाणूची प्रथिनं किती आणि किती दिवस शरीरात फिरत राहिली यावर ठरतं. सौम्य आजारात विषाणू नाका-घशातच आवरला जातो. लसिका ग्रंथींपर्यंत त्याचा थोडाच माल पोहोचतो. गंभीर आजारात तो फुप्फुसांत खोलवर उतरतो, आठवडा-दोन आठवडे वाढत राहतो, आणि बी पेशींना सतत नवं खाद्य मिळत राहतं. त्यामुळे बरं झाल्यावर मोजलेला आकडा पूर ओसरल्यावर भिंतीवर राहणाऱ्या खुणेसारखा असतो. पाणी किती चढलं होतं ते ती खूण सांगते, पण पूर त्या खुणेमुळे आला असं कुणी म्हणत नाही.

तरीही "आधी आजार की आधी अँटिबॉडी" हा प्रश्न नुसत्या तर्काने सोडवून चालत नाही. त्याला पुरावा लागतो, आणि तो चांगला भक्कम आहे. अँटिबॉडीच फुप्फुसांची नासाडी करत असत्या, तर आजारी माणसाला आणखी अँटिबॉडी दिल्यावर मृत्यू वाढायला हवे होते. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत रुग्णालयातल्या ११,५५८ रुग्णांवर हे प्रत्यक्ष करून पाहिलं गेलं. निम्म्यांना बरे झालेल्यांचा प्लाझ्मा दिला, निम्म्यांना नेहमीचे उपचार. २८ दिवसांतला मृत्युदर दोन्हीकडे २४ टक्केच. प्लाझ्माने मृत्यू कमी झाले नाहीत, तसे वाढलेही नाहीत.

त्याच चाचणीचा दुसरा भाग मला जास्त बोलका वाटतो. कॅसिरिव्हिमॅब आणि इमडेव्हिमॅब या प्रयोगशाळेत बनवलेल्या दोन अँटिबॉडींचं मिश्रण रुग्णांना देण्यात आलं, पण विश्लेषण करताना रुग्णांचे दोन गट पाडले: दाखल होताना ज्यांच्या रक्तात स्वतःच्या अँटिबॉडी होत्या ते, आणि ज्यांच्या नव्हत्या ते. स्वतःच्या अँटिबॉडी नसलेल्यांत मृत्युदर ३० टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर आला. ज्यांच्याकडे आधीच होत्या त्यांना काहीच फायदा झाला नाही. म्हणजे दाखल होण्याइतका आजार वाढूनही ज्याच्या अँटिबॉडी अजून उगवलेल्या नव्हत्या, त्याला बाहेरून दिलेल्या अँटिबॉडींनी तारलं. अँटिबॉडी हेच विष असतं तर असं कधीच झालं नसतं.

आणखी एक चाचणी तर तुमच्या प्रश्नासाठीच बेतल्यासारखी आहे. पॅक्सलोव्हिड या औषधाच्या मुख्य चाचणीत फक्त लस न घेतलेल्या आणि धोका जास्त असलेल्या लोकांना घेतलं होतं, तेही आजाराच्या पहिल्या पाच दिवसांतच. त्यांतल्या ज्यांना खरं औषध न देता नुसती दाखवायची गोळी दिली होती, त्यांच्याकडे पाहा. सुरुवातीच्या रक्तनमुन्यात अँटिबॉडी नसलेल्यांपैकी सुमारे साडेअकरा टक्के लोक रुग्णालयात गेले किंवा दगावले. अँटिबॉडी असलेल्यांपैकी दीड टक्का. दोघंही लस न घेतलेले, दोघांनाही औषध नाही, आणि फरक सात-आठ पट. लस न घेता ज्यांच्या रक्तात पाचव्या दिवसाच्या आत अँटिबॉडी दिसतात त्यांच्यापैकी बहुतेकांना तो संसर्ग आधी कधीतरी होऊन गेलेला असतो, हेही यातून ओघाने येतं.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. २०२० मध्ये "लस न घेतलेला" म्हणजे कोरा, विषाणू कधी न पाहिलेला माणूस होता. २०२२ नंतर तसं राहिलं नाही. ओमायक्रॉनच्या लाटेनंतर लस न घेतलेल्यांपैकीही बहुतेकांना संसर्ग होऊन गेला होता, कित्येकांना नकळत. त्यामुळे अलीकडचा कुठलाही अभ्यास वाचताना लेखकांनी आधीचा संसर्ग कसा वगळला हे मी सर्वांत आधी शोधते. त्यासाठी विषाणूच्या आतल्या न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडी तपासतात. एमआरएनए लशीत हे प्रथिन नसतं, तिच्यात फक्त काट्याचं, म्हणजे स्पाइक प्रथिन बनवण्याची सूचना असते. संपूर्ण निष्क्रिय विषाणूपासून बनवलेल्या लशीने मात्र दोन्ही येऊ शकतात, तेव्हा ही कसोटी सगळीकडे सारखी चालत नाही. आणि न्यूक्लिओकॅप्सिडच्या अँटिबॉडी काळाबरोबर कमी होतात, म्हणून निगेटिव्ह आली की माणूस कोरा, असंही छातीठोक म्हणता येत नाही.

आता मुख्य मुद्दा, आणि तो वेळेचा आहे. येल विद्यापीठातल्या अकिको इवासाकी यांच्या गटाने २०२१ मध्ये रुग्णालयातल्या कोविड रुग्णांचे लागोपाठचे नमुने तपासले. वाचलेल्यांत आणि दगावलेल्यांत एकूण अँटिबॉडींच्या पातळीने नीट फरक करता येत नव्हता. फरक पडत होता तो विषाणूला निष्प्रभ करणाऱ्या अँटिबॉडी कधी आल्या याने. लक्षणं सुरू झाल्यापासून १४ दिवसांच्या आत ज्यांच्यात त्या आल्या ते बरे होण्याकडे झुकले. ज्यांच्यात त्यानंतर आल्या, त्यांची पातळी पुढे चांगली चढूनही उपयोग झाला नाही. तोवर विषाणूने आणि त्याच्यामागून आलेल्या दाहाने आपलं काम उरकलेलं होतं. दगावलेल्या रुग्णाच्या शेवटच्या दिवसांतल्या नमुन्यात भरपूर अँटिबॉडी सापडतात त्या अशा. फक्त तो शेवटचा नमुना पाहिला तर "इतक्या अँटिबॉडी असून कसा गेला" असं वाटतं. मागचे नमुने पाहिले की त्या किती उशिरा आल्या ते कळतं.

म्हणूनच दोन रुग्णांच्या अँटिबॉडींची तुलना करताना माझा पहिला सवाल असतो: नमुना आजाराच्या कितव्या दिवसाचा? रुग्णालयात माणूस दाखल होतो तोच सातव्या-आठव्या-दहाव्या दिवशी, आणि त्याचं रक्त पुढे वारंवार घेतलं जातं. घरी असलेल्याचं एकदा, बहुधा सुरुवातीला. आयजीजी साधारण दुसऱ्या आठवड्यात वर यायला लागतात आणि तिसऱ्या ते पाचव्या आठवड्याच्या दरम्यान शिखर गाठतात. सहाव्या दिवसाचा सौम्य रुग्ण आणि विसाव्या दिवसाचा गंभीर रुग्ण शेजारी ठेवले तर आकड्यांतला बराचसा फरक आजाराच्या तीव्रतेचा नसून कॅलेंडरचा असतो. पहिल्या वर्षातल्या घाईघाईच्या पुष्कळ लेखांत हा दोष आहे. वय आणि लिंग हेही असेच मधे येतात: म्हातारपणी आजार जास्त, पुरुषांत जास्त, आणि जास्त आजारामुळे अँटिबॉडीही जास्त. या धाग्यांचा गुंता सोडवल्याशिवाय कारण-परिणाम ठरवता येत नाही.

"एकूण अँटिबॉडी" आणि "निष्प्रभ करणाऱ्या अँटिबॉडी" यांतला फरक कागदावर कोरडा वाटतो, म्हणून चाचणी प्रत्यक्षात कशी होते ते सांगते. तुमच्या रिपोर्टवरचा आकडा बहुधा पहिल्या प्रकारचा असतो: प्लेटवर विषाणूचं एक प्रथिन चिकटवलेलं असतं, त्याला रक्तातलं जे जे चिकटेल ते मोजायचं. चिकटणारी प्रत्येक अँटिबॉडी विषाणूला थांबवतेच असं नाही. दुसऱ्या, निष्प्रभ करण्याची ताकद मोजणाऱ्या प्रकाराच्या मूळ चाचणीला जिवंत विषाणू लागतो, म्हणून ते काम उच्च जैवसुरक्षेच्या खोलीतच चालतं. रुग्णाचा सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तातून वेगळा झालेला द्रव, ५६ अंशांवर अर्धा तास ठेवतात, मग ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये तो निम्म्यानिम्म्याने पातळ करत नेतात: १:१०, १:२०, १:४०, १:८०, असं पुढे पुढे. प्रत्येक खळग्यात विषाणूची ठरावीक मात्रा घालून तासभर एकत्र राहू देतात, आणि ते मिश्रण माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या व्हेरो पेशींच्या थरावर ओततात. काही दिवसांनी पाहायचं. जिथे विषाणू जिंकला तिथे पेशी गोल होऊन सुटलेल्या असतात, थराला भोकं पडलेली असतात. जांभळा रंग टाकला की तो खळगा फिका राहतो. जिथे अँटिबॉडी जिंकल्या तिथे पेशींचा थर शाबूत, गडद जांभळा. ओळीत जांभळा रंग कुठे संपतो तो त्या माणसाचा टायटर. दोन रुग्णांच्या पहिल्या चाचणीतले आकडे सारखे असूनही या प्लेटवर एकाची ओळ १:४० ला फिकी पडते आणि दुसऱ्याची १:६४० पर्यंत जाते, असं सहज घडू शकतं. गंभीर रुग्णांत कधीकधी एकूण अँटिबॉडी खूप असतात पण त्या मानाने निष्प्रभ करण्याची ताकद कमी पडते, आणि दर्जाचा हा हिशेब नुसत्या पातळीपेक्षा रुग्णाच्या भवितव्याशी जास्त जुळतो.

दर्जा का खालावतो, याचंही एक कारण दिसलं आहे. दगावलेल्या काही रुग्णांच्या लसिका ग्रंथी आणि प्लीहा तपासल्या तेव्हा जर्मिनल सेंटर, म्हणजे जिथे बी पेशी आपल्या अँटिबॉडींना पैलू पाडतात ती केंद्रं, जवळजवळ नाहीशी झालेली होती. अशा आजारात बी पेशी त्या केंद्रांना वळसा घालून घाईने मोठ्या संख्येने अँटिबॉडी ओततात. संख्या मिळते, घासूनपुसून झालेली धार मिळत नाही.

आता अपवाद. यांत पहिला आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा म्हणजे विषाणूविरुद्ध नसून आपल्याच शरीराविरुद्ध असलेल्या अँटिबॉडी. टाइप-१ इंटरफेरॉन हे पेशींनी सोडलेलं प्रथिन म्हणजे विषाणू शिरल्याबरोबर पहिल्या काही तासांत वाजणारा धोक्याचा इशारा. जाँ-लोराँ कासानोव्हा आणि पॉल बास्टार्ड यांच्या गटाने २०२० मध्ये जिवावर बेतलेल्या ९८७ कोविड रुग्णांचं रक्त तपासलं, तर त्यांतल्या १०१ जणांत याच इंटरफेरॉनला निकामी करणाऱ्या अँटिबॉडी सापडल्या. त्या १०१ पैकी ९५ पुरुष. सौम्य किंवा लक्षणरहित संसर्ग झालेल्या ६६३ जणांत एकातही नाही. १,२२७ निरोगी लोकांत फक्त चौघांत. ज्यांचे संसर्गाआधीचे नमुने उपलब्ध होते त्यांच्यात त्या आधीपासूनच होत्या, म्हणजे त्या आजाराचा परिणाम नव्हत्या. पुढच्या कामात दिसलं की सत्तरी ओलांडलेल्यांत यांचं प्रमाण वाढत जातं, आणि कोविडच्या मृत्यूंपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात त्या आढळतात. इथे "अँटिबॉडींमुळे आजार बळावला" हे वाक्य शब्दशः खरं आहे. पण या अँटिबॉडी तुमच्या रिपोर्टमधल्या आकड्यात मोजल्याच जात नाहीत. त्यांची चाचणी वेगळी.

दुसरा अपवाद अँटिबॉडीच्या शेपटीवरच्या साखरेचा. आयजीजीच्या खालच्या भागावर एक छोटी साखरसाखळी असते आणि तिच्यात बहुधा फ्यूकोज नावाची साखर असते. ती नसली की ती अँटिबॉडी नैसर्गिक मारक पेशी आणि मॅक्रोफेज या संरक्षक पेशींच्या एका ग्राहीला, म्हणजे पृष्ठभागावरच्या पकडीच्या जागेला, कितीतरी घट्ट धरते आणि त्यांना जास्त भडकवते. २०२१ च्या सुमारास एकाहून जास्त गटांनी दाखवलं की गंभीर कोविड रुग्णांच्या स्पाइकविरुद्धच्या अँटिबॉडींत फ्यूकोज नसलेल्यांचं प्रमाण सौम्य रुग्णांपेक्षा जास्त असतं. पुढे असंही दिसलं की विषाणू अँटिबॉडींवर स्वार होऊन मोनोसाइट नावाच्या काही पांढऱ्या पेशींत शिरतो. तिथे त्याची वाढ होत नाही, पण ती पेशी फुटून दाह पसरवते. लस घेतलेल्यांच्या प्लाझ्मातल्या अँटिबॉडींनी मात्र विषाणूला असा शिरकाव करून दिला नाही. हे संशोधन मी गांभीर्याने घेते. कोविडमध्ये हा वाटा आगीत तेल ओतण्याइतका असावा, आग लावण्याइतका नव्हे, असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण वर सांगितलेल्या चाचण्या. म्हणूनच ऑक्सिजनवरच्या रुग्णांना डेक्सामेथासोनसारखं दाह शमवणारं औषध उपयोगी पडतं: रिकव्हरी चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचा मृत्युदर त्याने ४१ टक्क्यांवरून २९ वर आणला. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना त्याचा फायदा दिसला नाही.

तिसरा अपवाद डेंग्यू. अँटिबॉडींची भीती मुळात तिथूनच आलेली आहे. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार. एकाचा संसर्ग झाला की त्याच्याविरुद्ध दीर्घ संरक्षण मिळतं, पण दुसऱ्या प्रकाराला त्या अँटिबॉडी चिकटतात आणि थांबवू मात्र शकत नाहीत. उलट विषाणूला मोनोसाइट पेशींत घेऊन जातात, आणि डेंग्यूचा विषाणू तिथे मस्त वाढतो. कोविडशी असलेला मुख्य फरक हाच. क्युबामध्ये १९७७ साली पहिल्या प्रकाराची साथ आली आणि १९८१ साली दुसऱ्याची. या दुसऱ्या साथीत तीन लाखांहून जास्त रुग्ण आणि १५८ मृत्यू झाले, गंभीर रुग्ण मुख्यतः पहिल्या साथीतून गेलेले. आईकडून आलेल्या अँटिबॉडी अर्धवट ओसरल्या की सहा-नऊ महिन्यांच्या बाळालाही पहिल्याच संसर्गात गंभीर डेंग्यू होतो, तोही याच कारणाने. निकाराग्वातल्या मुलांच्या दीर्घ अभ्यासात २०१७ मध्ये हे आकड्यांत बसवलं गेलं: टायटर १:२१ ते १:८० या मधल्या पट्ट्यात असलेल्या मुलांना गंभीर डेंग्यूचा धोका सर्वाधिक, आणि त्याहून खूप जास्त टायटर असलेल्यांना तो धोका नाही. धोका मधल्या पातळीत आहे, सर्वांत वरच्या पातळीत नाही. डेंग्व्हाक्सिया या लशीबाबत त्याच वर्षी हेच आढळलं: डेंग्यू कधीच न झालेल्या मुलांना ती दिली तर पुढचा संसर्ग जास्त गंभीर होऊ शकतो, आणि त्यानंतर ती देण्याआधी रक्त तपासण्याचा सल्ला आला. तेव्हा "नैसर्गिक अँटिबॉडी केव्हाही चांगल्या" किंवा "अँटिबॉडी केव्हाही धोक्याच्या" ही दोन्ही वाक्यं विषाणूचं नाव घेतल्याशिवाय निरर्थक आहेत.

दुसऱ्या टोकाला इबोला आहे. गॅबनमध्ये १९९६ सालच्या साथींत वाचलेल्या रुग्णांत आयजीजी लवकर आल्या आणि वाढत गेल्या. दगावलेल्यांत त्या जवळजवळ आल्याच नाहीत. तिथे आलेख कोविडच्या अगदी उलट दिसतो, कारण इबोलाने मरणाऱ्या माणसात अँटिबॉडींचा प्रतिसाद नीट उभाच राहत नाही. रेबीजमध्ये तर लस न घेतलेल्या माणसाच्या सीरममध्ये अँटिबॉडी सापडणं हेच रोगाचं निदान ठरतं, कारण त्या बहुधा आजाराची लक्षणं सुरू झाल्यावर, हातची वेळ निघून गेल्यावर येतात. आणि गोवराचं उदाहरण मला विशेष अस्वस्थ करतं. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवराआधी आणि गोवरानंतर साधारण दोन महिन्यांनी तपासलं गेलं. गोवराविरुद्धच्या अँटिबॉडी सगळ्यांना उत्तम आल्या. पण बाकीच्या जंतूंविरुद्धच्या, आधी कमावलेल्या अँटिबॉडींपैकी ११ ते ७३ टक्के गायब झाल्या होत्या, कारण गोवराचा विषाणू आठवण ठेवणाऱ्या पेशींनाच मारतो. २०१९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. फक्त गोवराचा टायटर पाहिला असता तर या मुलांची प्रतिकारशक्ती झकास आहे असंच वाटलं असतं.

अँटिबॉडी म्हणजे सगळी प्रतिकारशक्ती नव्हे, हे सांगायला जन्मतः बी पेशी नसलेले रुग्ण पुरेसे आहेत. त्यांच्यातले काहीजण लस किंवा प्लाझ्मा यांशिवायही कोविडमधून बरे झाले. त्यांच्या टी पेशींनी, म्हणजे संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या संरक्षक पेशींनी, भार उचलला. पण बी पेशी औषधांनी संपवलेल्या रुग्णांत, उदाहरणार्थ रिटुक्सिमॅब घेणाऱ्यांत, विषाणू महिनोन्महिने रेंगाळल्याची उदाहरणंही आहेत. टी पेशी आणि अँटिबॉडी वेळेवर आणि एकमेकींच्या साथीने आल्या तर आजार सौम्य राहतो. ६५ च्या पुढे हा मेळ बिघडताना दिसतो.

आता धाकट्या भावाकडे येते. त्याचा आकडा कमी आहे म्हणून त्याने धसका घेण्याचं कारण नाही. आयजीजीचं अर्धआयुष्य सुमारे २१ दिवसांचं असतं, त्यामुळे शिखरानंतर आकडा उतरतोच, सगळ्यांचा उतरतो. महत्त्वाचं ते मागे काय उरतं. सौम्य आजार झालेल्या लोकांच्या अस्थिमज्जेत संसर्गानंतर सात ते अकरा महिन्यांनीही स्पाइकविरुद्ध अँटिबॉडी बनवणाऱ्या दीर्घायुषी पेशी सापडल्या आहेत, आणि आठवण ठेवणाऱ्या बी पेशी पहिल्या सहा महिन्यांत कमी होत नाहीत, वाढतात. २०२१ मधल्या एका मोठ्या विश्लेषणाने लशींच्या चाचण्यांवरून असा अंदाज बांधला की लक्षणांसह होणाऱ्या कोविडपासून ५० टक्के संरक्षण मिळायला बरे झालेल्यांच्या सरासरी पातळीच्या पाचव्या हिश्श्याइतक्या निष्प्रभ करणाऱ्या अँटिबॉडी पुरतात, आणि गंभीर आजारापासून तेवढंच संरक्षण मिळायला फक्त तीन टक्के. मूळ विषाणूसाठीचे हे आकडे आहेत आणि नवे प्रकार आले की समीकरण हलतं. पण गंभीर आजार रोखायला मोठ्या आकड्याची गरज नसते, हा धडा टिकून आहे.

थोरल्यानेही आपल्या आकड्यावर विसंबून राहू नये. त्याचा टायटर ज्या प्रकाराच्या विषाणूने चढवला त्या प्रकाराविरुद्ध तो चांगला आहे. वर सांगितलेलं कॅसिरिव्हिमॅबचं मिश्रण, ज्याने एकेकाळी जीव वाचवले, ते ओमायक्रॉनपुढे इतकं लुळं पडलं की २०२२ च्या जानेवारीत अमेरिकेत त्याचा वापर आवरता घ्यावा लागला. प्रयोगशाळेत निवडून काढलेल्या अँटिबॉडींची ही गत, तर एका संसर्गाने आलेल्या अँटिबॉडींचं काय सांगावं.

लशीने नेमकं काय मिळतं, तेही या सगळ्यावरून स्पष्ट होतं. तिने मिळतो तो वेळ. कोऱ्या शरीराला चांगल्या अँटिबॉडी आणायला दहा-बारा दिवस लागतात आणि विषाणू तेवढे दिवस मोकाट असतो. ज्याच्याकडे आठवणीच्या पेशी आहेत त्याच्या अँटिबॉडी संसर्गानंतर काही दिवसांतच उसळतात, आणि निर्णायक काळ तोच आहे. संसर्गाने ही तयारी मिळते हे खरं, पण थोरल्या भावाने तिची जी किंमत मोजली ती पहिल्या फेरीतच मोजली. संसर्ग होऊन गेलेल्या माणसात लशीचा एक डोससुद्धा निष्प्रभ करणाऱ्या अँटिबॉडी अनेक पटींनी वाढवतो आणि त्या जास्त प्रकारांना पुरतात. तेव्हा दोघांनीही वय आणि इतर आजार पाहून आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने लस घ्यावी, असं मी सांगेन. त्यासाठी आधी अँटिबॉडी तपासण्याची गरज नाही.

आणि पुन्हा कुणाला संसर्ग झालाच, तर अँटिबॉडी तपासून धीर शोधण्यात दिवस घालवू नका. चौथ्या-पाचव्या दिवशी ती चाचणी निगेटिव्ह आली तरी ते बहुधा अपेक्षितच असतं, आणि पॉझिटिव्ह आली तरी ऑक्सिजन तपासायचं थांबत नाही. आजाराचा दिवस मोजा, पल्स ऑक्सिमीटर ठेवा, आणि साठीच्या पुढचं वय, मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं असतील तर विषाणूविरोधी गोळ्यांबद्दल पहिल्या पाच दिवसांतच डॉक्टरांना विचारा, कारण त्या गोळ्यांची चाचणी तेवढ्याच मुदतीत झालेली आहे. आधीपासूनची रोजची औषधं कोणती चालू आहेत ती यादी सोबत न्या. पॅक्सलोव्हिडमधलं रिटोनाव्हिर अनेक औषधांची रक्तातली पातळी वाढवतं.